संदर्भांचं बिऱ्हाड हलवताना: एंडनोट, झोटेरो आणि एक खटला

मागच्या वेळी आपण खोक्यातल्या कार्डांपाशी थांबलो होतो. कार्डांचं एक बरं होतं. खोकं पत्र्याचं असो की लाकडी, कार्डं उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवली की झालं. खोकं विकणारा दुकानदार मध्ये पडत नसे. संदर्भ संगणकात गेल्यावर मात्र कार्ड कोणाचं आणि खोकं कोणाचं, हा वाद थेट कोर्टात पोचला. आज तो खटला बघू.

एंडनोट हा जुना, विकत घ्यायचा प्रोग्राम. खटल्याच्या काळात तो थॉमसन रॉयटर्स कंपनीकडे होता. झोटेरो आला २००६ साली, मोफत आणि मुक्तस्रोत. तो काढला अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने, आणि तोही संगणक विभागाने नव्हे. रॉय रोझेनझ्वाइग या इतिहासकाराने १९९४ मध्ये तिथे इतिहास आणि नवमाध्यमांचं केंद्र सुरू केलं होतं, त्या केंद्राचं हे काम. म्हणजे आपल्याच बिरादरीचं म्हणा ना!

आता एंडनोटमधून झोटेरोत जायचं तर काय काय न्यावं लागतं? लेखक, ग्रंथनाम, साल ही माहिती ‘आरआयएस’सारख्या साध्या मजकुराच्या फाइलमधून जाते. त्यात फारसं भांडण नव्हतं. भांडण झालं शैलीवरून. एका नियतकालिकाला साल आधी हवं असतं, दुसऱ्याला शेवटी. कोणाला स्वल्पविराम, कोणाला पूर्णविराम. असे हजारो नमुने एंडनोटने स्वतःच्या खास फाइलींमध्ये भरून ठेवले होते. हवा तो नमुना नव्या प्रोग्राममध्ये नसेल, तर प्रबंध अर्ध्यावर असलेला विद्यार्थी जागचा हलणार कसा? झोटेरोच्या २००८च्या चाचणी आवृत्तीत एंडनोटच्या या फाइली वापरायची सोय आली, आणि ठिणगी पडली.

सप्टेंबर २००८ मध्ये थॉमसन रॉयटर्सने रिचमंडच्या न्यायालयात दावा लावला. विद्यापीठ सरकारी, म्हणून प्रतिवादी कोण, तर खुद्द व्हर्जिनिया राज्य. मागणी होती वर्षाला किमान १ कोटी डॉलरची, शिवाय ती सोय बंद करण्याची. विद्यापीठाकडे एंडनोटचा परवाना होता. आमच्या प्रोग्रामची उकल करून परवान्याच्या अटी मोडल्या, असं कंपनीचं म्हणणं.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असं आम्ही म्हणणार नाही. हजारो नमुने भरायला माणसं बसवावी लागतात. पण स्वल्पविराम कुठे द्यायचा हा नियम नियतकालिकाचा, आणि सूचीतली माहिती वाचून-वाचून जमवलेली असते संशोधकाने. विद्यापीठाने तीच भूमिका घेतली: वापरणाऱ्याने तयार केलेलं वापरणाऱ्याचं, त्याला येता आणि जाताही यावं. या ‘जाताही’ला आम्ही फार महत्त्व देतो. एंडनोटच्या परवान्याचं नूतनीकरणही विद्यापीठाने केलं नाही. जून २००९ मध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला.

प्रश्न तिथे मिटला नाही. मेंडेली हा तिसरा प्रोग्राम एल्सेव्हिअरने २०१३ मध्ये विकत घेतला, आणि २०१८ मध्ये वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावरचा त्याचा साठा कुलूपबंद झाला. खासगीपणासाठी, असं कारण दिलं गेलं. फाइल काढून बाहेर पडायची वाट उघडी होती, पण त्या वाटेने फोल्डरांची रचना येत नाही. दहा वर्षं लावलेला संसार, आणि हाती येतं एकच गाठोडं.

तुमच्यापैकी कोणी बिऱ्हाड हलवणार असेल, तर मराठी नावं तेवढी तपासा. ‘बिबटेक’ फाइलमध्ये संस्थेचं नाव दुहेरी कंसात टाकलेलं नसेल, तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. मग संदर्भसूचीत आपलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ ‘म’च्या रांगेत उभं असतं: मंडळ, भारत इतिहास संशोधक.