शंखाच्या विषातून मज्जारज्जूपर्यंत: झिकोनोटाइडची कथा

१७०५ साली ॲम्स्टरडॅममध्ये गेओर्ग रुम्फियसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक तीन वर्षांपूर्वीच अंबोन बेटावर निवर्तला होता. अखेरची तीन दशके त्याने अंधत्वात काढली होती. मोलुक्का बेटांच्या परिसरातील शंखांचे वर्णन करताना तो एका मृत्यूची नोंद करतो. बांदा बेटावरील एक गुलाम स्त्री केवळ एक शंकूच्या आकाराचा शंख हातात धरल्यामुळे मरण पावली होती.

युरोपातील संग्राहक हे देखणे शंख कपाटांत मांडत राहिले. आतल्या गोगलगायीजवळ भाल्यासारखा पोकळ दात असतो आणि त्यातून ती विष टोचते. काही जाती तर याच विषाने मासे मारतात.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हा तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ अमेरिकेतून मनिलाला परतला. तिकडे त्याने डीएनएवर काम केले होते. त्यासाठी लागणारी उपकरणे इकडे नव्हती. लहानपणी त्याने शंख गोळा केले होते आणि फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर ते विपुल होते. म्हणून त्याने लुर्देस क्रूझ यांच्यासह या विषाचा अभ्यास हाती घेतला. पुढे झालेल्या संशोधनाचे मूळ अशा प्रकारे साधनांच्या चणचणीत आहे.

प्रारंभी विष उंदरांच्या पोटात टोचले जाई. उंदीर लुळे पडत, आणि त्याला कारणीभूत असलेला घटक सापाच्या विषासारखाच काम करतो असे आढळले. हे फारसे नवे नव्हते. खरे वळण आले ते ऑलिव्हेरा युटा विद्यापीठात गेल्यानंतर. तेथे एका विद्यार्थ्याने विषाचे घटक वेगळे करून ते थेट उंदराच्या मेंदूत टोचण्याची कल्पना मांडली. तेव्हा प्रत्येक घटकाचा परिणाम निराळा दिसू लागला. एका घटकाने पिल्ले झोपी जात, तर मोठे उंदीर उलट सैरभैर धावत. आणखी एका घटकाने उंदीर थरथरत.

मायकेल मॅकिंटॉश शालेय शिक्षण संपवून वयाच्या १८व्या वर्षी या प्रयोगशाळेत आला. ‘कोनस मॅगस’ या जातीच्या विषातून त्याने थरथर आणणारा असाच एक घटक वेगळा केला. तो २५ अमिनो आम्लांचा पेप्टाइड होता. चेतापेशींच्या टोकांवरील एका विशिष्ट प्रकारच्या कॅल्शियम मार्गिका तो बंद करतो. वेदनेचा संदेश मज्जारज्जूत एका पेशीकडून दुसरीकडे जातो तो याच मार्गिकांच्या साहाय्याने.

१९७९मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मॉर्फीन देण्याचा मार्ग खुला झाला होता. मात्र मॉर्फीनची शरीराला सवय होते आणि मात्रा वाढवत न्यावी लागते. नव्या पेप्टाइडची तशी सवय लागत नव्हती. परंतु शिरेतून दिल्यास त्याने रक्तदाब घसरे, म्हणून त्यालाही तोच मार्ग धरावा लागला: पोटाच्या त्वचेखाली बसवलेला पंप आणि तेथून कण्यापर्यंत गेलेली बारीक नळी.

कॅलिफोर्नियातील न्यूरेक्स या कंपनीने त्याचे औषध घडवले. या कथेची लोकप्रिय आवृत्ती बहुधा येथे, ‘निसर्गाच्या चमत्कारा’वर संपते, आणि ते रुग्णांवर अन्यायकारक आहे. सुरुवातीच्या चाचण्यांत मात्रा वेगाने वाढवली गेली. कर्करोग व एड्सच्या रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, पण अनेकांना भोवळ, गोंधळ आणि भ्रम यांनी ग्रासले. शरीर शांत होत असताना मन मात्र हातचे निसटत होते. पुढील चाचणीत मात्रा अत्यंत संथपणे वाढवण्यात आली, तेव्हा त्रास कमी झाला. वेदनाशमनही अर्थात माफकच राहिले.

२८ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेने ‘प्रियाल्ट’ या नावाने त्यास मान्यता दिली, ती तीव्र मानसिक दुष्परिणामांच्या ठळक इशाऱ्यासह. मनोविकृतीचा पूर्वेतिहास असलेल्यांना ते वर्ज्य ठरले. प्रारंभीची मात्रा दिवसाला जास्तीत जास्त २.४ मायक्रोग्रॅम; ती आठवड्यातून दोन-तीनदाहून अधिक वेळा वाढवायची नाही. भ्रम सुरू झाल्यास मात्र ते तत्काळ थांबवता येते. मॉर्फीन एकाएकी सोडल्यावर शरीराची जी तगमग होते, ती येथे होत नाही.