पाच अश्वशक्तीची मोटर आणि दहावीतले एक सूत्र



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी पुष्कळ जण लिहितील, म्हणून मी थोडा इतिहास लिहायचे ठरवले. हा इतिहास राजे-रजवाड्यांचा नाही. आपल्याकडे वीज कोणत्या वाटेने आली, वाटेत किती सांडली आणि त्याचा हिशेब दहावीच्या विज्ञानातल्या दोन ओळींत कसा बसतो, एवढेच सांगायचे आहे.

पहिली ओळ: शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. दुसरी ओळ जूलची, १८४१ सालची: तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. परीक्षेत या दोन ओळींवर दोन-तीन मार्कांचे गणित यायचे आणि आपण ते सोडवून पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. त्यातला ‘वर्ग’ हा शब्द किती महागात पडतो, हे मात्र गणितातून कळत नव्हते.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सगळ्याच शाखांना विजेचा एक विषय असतो. तिथे मला एक जुना गोंधळ भेटला. सेलला स्वतःचा आतला रोध असतो. समजा सेल दीड व्होल्टचा आणि आतला रोध अर्धा ओहम. बाहेर अर्ध्या ओहमचाच दिवा लावला तर दिव्याला जास्तीत जास्त शक्ती मिळते, सव्वा वॅटच्या जरा खाली. पण तेवढीच शक्ती सेलच्या पोटात उष्णता होऊन जाते. कार्यक्षमता फक्त ५० टक्के. दिवा साडेचार ओहमचा घेतला तर त्याला जेमतेम ०.४ वॅट मिळतात, पण कार्यक्षमता ९० टक्क्यांवर जाते. जास्तीत जास्त शक्ती आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला नियम याकोबी या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्याने १८३८ मध्ये रशियातल्या नेवा नदीत विजेच्या मोटरवर नाव चालवली होती. त्याच्या नियमाचा अर्थ पुढे कित्येक जाणकारांनी असा लावला की निम्मी वीज वाया जाणारच, त्याला इलाज नाही. एडिसनने तो मानला नाही. त्याने आतला रोध अगदी कमी असलेले जनित्र बांधले, म्हणजे बहुतेक वीज बाहेर कामाला येऊ लागली. १८८२ मध्ये न्यूयॉर्कला त्याचे वीजघर सुरू झाले. पण तो ११० व्होल्टवर वीज देत होता. दाब कमी म्हणजे धारा जास्त, आणि धारा जास्त म्हणजे तारेतली नासाडी वर्गाने जास्त. त्यामुळे त्याची वीज मैलभराच्या पलीकडे परवडेना.

यावरचा उपाय आपल्या पुणे जिल्ह्याच्या डोंगरात दिसतो. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज सुरू केली आणि ती मुंबईच्या कापड गिरण्यांना दिली. हे अंतर ओलांडण्यासाठी दाब सुमारे एक लाख व्होल्टपर्यंत चढवला होता. दाब दहापट केला की तेवढ्याच शक्तीला धारा एक दशांश लागते आणि नासाडी एक शतांश होते. जूलच्या त्या ‘वर्गा’मुळेच घाट उतरून वीज मुंबईला पोहोचली.

या विजेची किंमत दुसऱ्या कुणी तरी मोजली, हेही लिहायला हवे. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशीला धरण बांधले तेव्हा मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण थांबले नाही. मुळा नदीचे ते पाणी आता पश्चिमेला कोकणात उतरते. एरवी ते मुळा-मुठेतून आपल्याच तालुक्यातल्या रांजणगाव सांडसला भीमेत आले असते. म्हणजे शिरूर-दौंडच्या रानात विजेची तार यायच्या कितीतरी आधी आपल्या भीमेच्या पाण्याचा काही वाटा विजेसाठी वळवला गेला होता.

२० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले, त्याच दशकात कोयनेची वीज आली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खेड्यापाड्यांत खांब रोवले गेले. विहिरीवरची मोट आणि डिझेल इंजिन जाऊन तिथे मोटर बसली. आपल्याकडचा ऊस, कांदा, न्हावऱ्याचा साखर कारखाना, हे सगळे त्या मोटरच्या पाण्याशी बांधलेले आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्यात शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. मोटर किती अश्वशक्तीची यावर बिल, किती तास चालली याच्याशी संबंध नाही. हजारो मीटर वाचत फिरण्यापेक्षा ते सोपे होते आणि शेतकऱ्यालाही सोयीचे होते. पण जिथे मोजणेच थांबले, तिथे शेतीत खरी किती वीज गेली आणि तारेत किती जळाली, हे वेगळे काढणे अवघड झाले.

आता आपली पाच अश्वशक्तीची मोटर घ्या. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट. कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती सुमारे ४.७ किलोवॅट ओढते. दाब ४१५ व्होल्ट असेल तर धारा साधारण ८ अँपिअर. डीपीपासून रान लांब, एका डीपीवर मोटरी जास्त, म्हणून दाब ३२० वर आला, तरी पाणी तेवढेच उपसायचे असल्याने मोटर काम कमी करत नाही. ती धारा वाढवते. धारा साडेदहावर जाते आणि वाइंडिंगमधली उष्णता जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढते. एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजवर सुमारे पावणेदोनपट धारा येते. मोटर का जळते, याचे उत्तर इथे आहे. आणि ‘ऑटो’चे काय? लाईट आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या पाच-सहापट धारा ओढते, आणि डीपीचा फ्यूज उडतो. मग सगळ्यांचेच पाणी बंद.

कपॅसिटरचेही तसेच. मोटरला चुंबकत्वासाठी काही धारा लागते. ती पाणी उपसत नाही, नुसती तारेतून ये-जा करते आणि तार तापवते. योग्य कपॅसिटर बसवून शक्तिगुणक ०.७ वरून ०.९५ वर नेला तर तेवढ्याच कामाला लाइनमधली धारा एक चतुर्थांशाने कमी होते आणि तारेतली नासाडी जवळपास निम्म्यावर येते. मग लोक तो बसवत का नाहीत? कारण एकट्याने बसवून दाब फारसा सुधारत नाही, आणि अश्वशक्तीच्या बिलात एक रुपयाही वाचत नाही. डीपीवरच्या सगळ्यांनी बसवला तरच सगळ्यांना फायदा. इथे प्रश्न विज्ञानाचा उरत नाही, भावकीचा आणि शेजाराचा होतो.

२००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्या काळातले भारनियमन आपल्या सगळ्यांना आठवत असेल. पुढे गावठाणाची आणि शेतीची लाइन वेगळी करण्यात आली. घरात दिवे राहिले हे चांगले झाले, पण शेतीची थ्री फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येऊ लागली. रात्री इतरांची मागणी कमी असते, म्हणून शेतीचा भार तिकडे ढकलणे हिशेबात बसते. मात्र त्या हिशेबात अंधारात उसाला पाणी धरणारा माणूस येत नाही. साप-विंचू पूर्वीपासून होतेच. आता शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात उसात बिबट्या आहे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील, भाऊ, चुलते आजही बॅटरी घेऊन रात्री दोनला बारे द्यायला जातात.

म्हणून दिवसाच्या विजेचे मोल मला फार वाटते. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या लाइनला जवळच सौर वीज द्यायचे काम सुरू झाले. यात दोन्ही ओळी आपल्या बाजूने आहेत: वीज दिवसा मिळते, आणि तारेचे अंतर कमी झाल्याने नासाडीही कमी होते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. शेतकऱ्याला त्याचा आधार आहेच. पण बिल शून्य झाले म्हणून दाब वाढत नाही आणि मोटर जळायची थांबत नाही. जूलचा नियम माफीच्या यादीत नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एक साधी सवय असते: आधी मोजा, मग दुरुस्त करा. म्हणून एक सूचना करते. या मेळाव्यातून शाळेला काही भेट द्यायची ठरेल, तेव्हा प्रयोगशाळेसाठी चार-पाच चांगले क्लॅम्प मीटर घेऊ. ते तारेला न कापता, नुसते कवेत घेऊन धारा दाखवतात. नववी-दहावीची मुले शिक्षकांबरोबर आणि वायरमनच्या देखरेखीखाली आपापल्या रानातल्या मोटरची धारा आणि दाब वहीत उतरवतील. बंद पेटीला हात कुणीही लावायचा नाही. एका हंगामात कोणत्या डीपीवर किती भार आहे याची वही तयार होईल. ती घेऊन ग्रामसभेत उभे राहिले तर ‘आमच्याकडे लाईट नीट नाही’ या वाक्यापेक्षा ती जास्त बोलेल.

मीटरच्या खर्चातला माझा वाटा मी आजच लिहून ठेवते. बाकीचे मेळाव्याच्या दिवशी भेटल्यावर ठरवू.