कळ कोणाच्या हाती?

घाटकोपरच्या आमच्या चाळीत गणपती असोत की ईद-ए-मिलादचा जलसा, लाऊडस्पीकर एकाच दुकानातून यायचा. पत्र्याचा ॲम्प्लिफायर, जाळीतून दिसणारे लालसर तापलेले व्हॉल्व्ह आणि शेजारी स्टुलावर बसलेले मशीनवाले चाचा. समोर बटणं : दोन माईकची, एक रेकॉर्डचं. चाचा एक उतरवत, दुसरं चढवत. गाणं थांबे आणि 'हॅलो, हॅलो' सुरू होई.

१९८२ साली, बारा वर्षांचा असताना, मी त्याच चौकात पहिली कविता वाचली. चार ओळी झाल्या असतील. मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने लांबून खूण केली, चाचांनी माईक उतरवला, रेकॉर्ड चढवली. माझे ओठ हलत होते आणि कर्ण्यातून सनई वाजत होती. नंतर चाचांना विचारलं, तर म्हणाले, "बेटा, आवाज तेरी, बटन मेरा. और मेरा हाथ? वो पैसा देनेवाले का."

त्या डब्यात दोन वाटा का असतात? माईकमधून येणारी वीज अगदी क्षीण, काही हजारांश व्होल्टची. रेकॉर्डच्या सुईची त्याहून कितीतरी जोरकस. म्हणून माईकच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह जास्त असतो. पुढे दोन्ही वाटा एक होतात आणि मोठ्या व्हॉल्व्हमधून कर्ण्याकडे जातात. कोणती वाट उघडी ठेवायची, ते बटण ठरवतं.

आपल्या देशात या बटणाला राजकीय इतिहासही आहे. गांधीजी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माईकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसते. कंपनी मोटवानींची, इथलीच. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. खटल्यात आरोपींच्या पिंजऱ्यात नानिक मोटवानीही होते. ते सुटले, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची सरकारलाही धास्ती वाटत होती.

हे सगळं परवा आठवलं ते मुलुंडला, एका स्नेह्यांच्या घरी. त्यांचा मुलगा गिटार वाजवतो. लॅमिंग्टन रोडवरून सामान आणून त्याने व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतः जोडलाय. त्यालाही दोन चॅनेल : एक स्वच्छ सुराचा, दुसरा फाटक्या, धारदार सुराचा. दुसऱ्या वाटेवर व्हॉल्व्हचे टप्पे एकापुढे एक जास्त लावलेले. आवाज इतका वाढतो की लहरीचे माथेच कापले जातात. तीच ती धार.

१९५०च्या दशकात अमेरिकेत फेंडरच्या ॲम्प्लिफायरला दोन चॅनेल असत, पण एकातून दुसऱ्यात उडी मारायची सोय नव्हती. १९६२मध्ये लंडनच्या जिम मार्शल यांनी त्याच धर्तीवर आपला ॲम्प्लिफायर बाजारात आणला. वादक छोट्या वायरीने त्याचे दोन्ही चॅनेल जोडून घेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात रँडल स्मिथ यांच्या मेसा-बूगीने चॅनेल बदलण्याचा खटका वादकाच्या पायाखाली दिला. दोन्ही हात तारांवर, आणि निर्णयही त्याचाच.

आपल्याकडे १९७१च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंग यांची. पुढे त्यांनीच हळुवार गझला गायल्या. एकाच माणसात दोन चॅनेल!

मुलुंडच्या मुलाचा खटका मात्र दाबला की कर्ण्यातून 'ठक्' असा आवाज येई. तो म्हणाला, "काका, कपॅसिटरमधून थोडी वीज झिरपते, वाट उघडी राहिली की तिथे साचते आणि दाबल्यावर एकदम सुटते." उपाय साधा : त्या टोकापासून जमिनीपर्यंत दहा लाख ओहमचा रेझिस्टर, म्हणजे साठा आधीच निचरून जातो. पायाखालची लांब वायरही सुरांच्या वाटेवर आणायची नाही, नाहीतर ती घरातल्या विजेची घरघर ओढून घेते. तिच्यातून फक्त रिलेला हुकूम जातो. वाट बदलणारा रिले व्हॉल्व्हजवळ बसतो. आत हात घालण्याआधी तो मीटर लावून पाहत होता, कारण यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात.

मी टॉर्च धरून उभा होतो. जोडणी झाली, त्याने पायाने खटका दाबला. 'ठक्' गेला होता. चाचा आठवले. त्यांनाही असा खटका मिळाला असता तर त्यांनी तो स्टेजवरच्या पोराच्या पायाखाली ठेवला असता का? ठेवला असता, असं मला वाटतं. त्या रात्री सामान आवरताना त्यांनी रिकाम्या चौकात माईक पुन्हा चढवला होता आणि मला म्हणाले होते, "अब पढ, पूरी पढ."