हॅरिंगेची पूर्वतयारी

ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास वाचताना प्रवचनकारांची नावे डोळ्यांत भरतात. सभागृह कोणी ठरविले, श्रोत्यांची नावे कोणी टिपून घेतली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अमेरिकन धर्मोपदेशक बिली ग्रॅहॅम यांनी १९५४ साली लंडनमध्ये चालविलेल्या सभांचा विचार आम्हांस याच अंगाने करावयाचा आहे.

या तयारीचे मूळ लंडनबाहेर आहे. १९४८ साली कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे ग्रॅहॅम आणि त्यांचे सहकारी यांनी काही बंधने आपणहून स्वीकारली होती : पैशाचा व्यवहार स्वच्छ ठेवावयाचा, उपस्थितीचे आकडे फुगवावयाचे नाहीत, स्थानिक चर्चची निंदा करावयाची नाही. फिरत्या उपदेशकांविषयी लोकांच्या मनात कोणत्या शंका होत्या, हे या यादीवरूनच कळते.

१९५२ च्या मार्चमध्ये ग्रॅहॅम लंडनच्या चर्च हाउसमध्ये ब्रिटिश धर्मपुढाऱ्यांसमोर बोलले. पुढे इव्हँजेलिकल अलायन्स या संस्थेने त्यांना निमंत्रण दिले. जागा ठरली ती हॅरिंगेचे क्रीडागृह. मुष्टियुद्ध, बर्फावरील हॉकी आणि सर्कस यांसाठी ते प्रसिद्ध. शेजारी कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान! जे चर्चची पायरी चढत नाहीत त्यांना बोलवावयाचे, तर त्यांच्या सवयीचीच जागा घेतलेली बरी, हा हिशेब आम्हांस चतुर वाटतो.

एवढी तयारी झाली आणि एका शब्दाने घात केला. निधीसाठी अमेरिकेत छापलेल्या एका दिनदर्शिकेत, हिटलरच्या बाँबांना जे साधले नाही ते समाजवादाने साधले, अशा अर्थाचा मजकूर होता. मजूर पक्षाचे सरकार जाऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. ‘डेली हेरल्ड’ पत्राने त्यावर झोड उठविली. ग्रॅहॅम तेव्हा बोटीतून इंग्लंडकडे येत होते. मूळ अभिप्राय इहवादाचा होता असा खुलासा झाला, क्षमायाचनाही झाली. परदेशी जाणाऱ्याने प्रवचनाइतकेच आपले हिशेबाचे कागदही यजमानांच्या डोळ्यांनी वाचावयास हवेत. येथे ते घडले नाही, ही चूक आम्ही लहान मानीत नाही.

१ मार्चला सभा सुरू झाल्या आणि २२ मे पर्यंत चालल्या. टेलिफोनच्या तारांवरून प्रवचन दूरच्या नगरांतील सभागृहांत पोहोचविले जाई. तेथील श्रोते केवळ आवाज ऐकत. अखेरच्या दिवशी वेम्ब्लीच्या मैदानावर सुमारे १,२०,००० लोक जमले. परंतु खरी कसोटी पुढे येणाऱ्यांची होती. डॉसन ट्रॉटमन यांच्या पद्धतीने आधीच शिकविलेले स्वयंसेवक अशा प्रत्येकाशी बोलत, त्याचे नाव-पत्ता पत्रिकेवर लिहून घेत आणि ती स्थानिक धर्मगुरूकडे जाई. अशा पत्रिका सुमारे ३८,००० भरल्या. त्यांतील किती जण पुढे चर्चमध्ये टिकले, यावर इंग्लंडात बराच वाद झाला; आणि तो व्हावयासच हवा होता, कारण पत्रिका भरणे हे कारकुनाचे काम, श्रद्धा टिकविणे हे शेजाऱ्यांचे.

१९५६ च्या जानेवारीत हीच मंडळी भारतात आली, तेव्हा मुंबईने त्यांना दारातूनच परत पाठविले. १६ जानेवारीला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली होती. शहरात गोळीबार चालू होता, १७ तारखेला बेळगावातही रक्त सांडले. मुंबईची सभा रद्द करावी लागली. आपल्या भाषेच्या राज्यासाठी पेटलेल्या शहरात परभाषेतील प्रवचनाला जागा उरली नव्हती, यात नवल ते काय?

दक्षिणेत चित्र निराळे दिसले. कोट्टयमला सभेसाठी टेकडीचा उतार खणून बसण्याचे टप्पे तयार केले होते, आणि ते काम तेथील मुलींनी केले होते. मद्रासला तमिळ आणि तेलुगू असे दोन दुभाषी वाक्यामागून वाक्य सांगत. दिल्लीत दुभाष्याचे काम डॉ. अकबर अब्दुल हक यांनी केले. पुढे ते याच मंडळींत स्वतंत्र उपदेशक म्हणून दाखल झाले.