टेन्शन रेंच

टेन्शन रेंच : चावीविना कुलूप उघडण्याच्या छंदातील, गाभ्याला पीळ देणारे साधन. लायनस येल (धाकटा) याने १८६०च्या दशकात रूढ केलेल्या पिन-टंबलर कुलपात स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या गाभा अडवून धरतात. रेंचने हलका पीळ दिला की घडणीतील सूक्ष्म फरकांमुळे एक जोडी आधी अडकते. पिकने (पिना उचलण्याच्या बारीक सळईने) ती उचलताच वरची पिन गाभ्याच्या कडेवर टेकून राहते, आणि पुढची अडकते. पीळ सुटला तर सगळ्या पिना खाली येतात.

नवशिके पिकांचे संच जमवतात आणि रेंचकडे दुर्लक्ष करतात. खरे कसब मात्र रेंच धरलेल्या बोटात असते. जोर जास्त झाला तर पिना घट्ट आवळतात, हाताला काहीच कळत नाही. चावीच्या फटीच्या तळाशी बसणारी रेंच सोपी, पण पिकची जागा खाते. फट अरुंद असेल तर तोंडाशी, वरच्या कडेला बसणारी चपटी रेंच बरी. ती सैल नसावी. पोलादी पट्टी साधारण एक मिलिमीटर जाडीची असते.

जर्मनीत १९९७पासून या छंदाची संघटना आहे. स्वतःचेच आणि वापरात नसलेले कुलूप घ्यावे, हा छंदिष्टांचा नियम.