सूर्य उफणणारी काच



दरवर्षी १८ ऑगस्ट जवळ आला की विजयदुर्गाची गोष्ट पुन्हा फिरू लागते. १८६८ साली त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण झाले, लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ते किल्ल्यावरून पाहिले आणि हेलियमचा शोध लावला, अशी ती गोष्ट. 'साहेबाचे ओटे' पुरावा म्हणून दाखवतात. आपल्या कोकणात एवढा शोध लागला म्हटल्यावर अभिमान कुणाला वाटणार नाही? पण खरी हकीकत वेगळी आहे, आणि मला विचाराल तर ती अधिक गोड आहे.

१८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होता. ग्रहणासाठी भारतात आला होता फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, आणि तोही गुंटूरला. चंद्राने सूर्य झाकताच कडेला लाल ज्वाला दिसल्या. वर्णपटदर्शकातून पाहिले तर त्यांच्या प्रकाशात मोजक्याच तेजस्वी रेषा! म्हणजे ज्वाला तापलेल्या वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या. रेषा इतक्या ठळक, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असे त्याच्या मनात आले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, भर उन्हात त्याने त्या पाहिल्या. लॉकियरने इंग्लंडात बसून २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे तेच केले. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जागेवर बसत नाही हेही त्याने दाखवले. त्या अनोळखी द्रव्याचे नाव हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्सेच्या हाती लागायला १८९५ उजाडले.

आता यातली युक्ती पाहा. आमच्या कळवणकडच्या माणसाला ती खळ्यावरच्या उदाहरणाने लगेच कळेल. बाजरी उफणताना भूस वाऱ्याबरोबर लांबवर पसरते आणि दाणे एका जागी पडतात. आकाशाच्या झगमगाटात सगळे रंग असतात. वर्णपटदर्शक तो पसरवून विरळ करतो. ज्वालेचा प्रकाश मात्र एकेका रंगाचा, तो आपल्या जागीच ढिगासारखा राहतो. झगमगाट हटला की ज्वाला दिसते. जान्सेनने सूर्य झाकला नाही, उफणला!

हौशी लोक आज सूर्याचे फोटो काढतात ते याच दोन वाटांनी. पहिली वाट झाकण्याची. दुर्बिणीच्या तोंडावर धातूचा मुलामा दिलेली खास फिल्म लावायची. डोळ्याने पाहण्याची फिल्म प्रकाशाचा सुमारे लाखावा भाग आत सोडते. यात सूर्यावरचे डाग छान दिसतात, ज्वाला नाहीत. दुसरी वाट निवडण्याची. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा तेवढी सोडायची, तीही एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाहून कमी रुंदीची. मग ज्वाला दिसतात.

पुतण्याने आणलेल्या दुर्बिणींतून आम्ही गच्चीवर दोन्ही करून पाहिले. सकाळी जमीन तापायच्या आत चित्र स्थिर राहते, दुपारी ते पाण्यासारखे हलते. लाल रेषेसाठी कृष्णधवल कॅमेराच बरा, कारण रंग एकच. फोटोतला नारिंगी रंग मागाहून भरलेला असतो.

एक गोष्ट मात्र मास्तरकीच्या हक्काने सांगतो. आमच्या लहानपणी काजळी धरलेली काच आणि पुढे एक्स-रेची फिल्म घरोघर वापरत. दोन्ही वापरू नका. प्रकाश अंधारल्यासारखा वाटतो, पण न दिसणारे अवरक्त किरण आत जातातच, आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. दुर्बिणीची गाळणी नेहमी पुढच्या तोंडाला, घट्ट बसवलेली. डोळ्यापाशी बसणारी छोटी काच उष्णतेने तडकते.

आणि विजयदुर्ग? लॉकियर तिथे आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, हेलियम सापडल्यानंतर. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी दादाभाई नायगमवाला त्याच ग्रहणाचा वर्णपट टिपत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली वेधशाळा त्यांनी सांभाळली. पुढे १९१२ मध्ये तिथली मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली.

अभिमान बाळगायचाच, तर मुलांना जेऊरही सांगू या. ओट्यांची गोष्टही सांगावी, फक्त सन बरोबर सांगावे. भूस उडाले म्हणून दाणे कमी होत नाहीत.