जिन्यातल्या दिव्याचा मूळपुरुष

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एखाद्या नव्या अपार्टमेंटच्या जिन्यात पाऊल टाकलं की दिवा आपोआप लागतो. त्याचा मूळपुरुष तिथल्याच गुजरीत, सराफांच्या पेठेत, एका डबीत बसला आहे म्हटलं तर सराफ हसतील. पण आहे खरा: तुरमली, ते स्वस्तातलं रंगीत उपरत्न.

1703 च्या सुमारास डचांनी हा खडा सिलोनहून युरोपात नेला. तापवला की तो राख ओढतो, म्हणून त्याला ‘राख-ओढ्या’ म्हणू लागले. 1756 मध्ये एपिनुस या शास्त्रज्ञानं ही करामत विजेची असल्याचं दाखवलं. 1824 मध्ये ब्रूस्टर या शास्त्रज्ञानं तिला पायरोइलेक्ट्रिसिटी, म्हणजे उष्णतेची वीज, म्हटलं.

नावाचं मूळ कोशकार सिंहली ‘तोरमल्ली’त शोधतात. माझा जीव संस्कृत ‘तृणमणी’वर अडकलाय. गवताची काडी ओढणारा मणी! जिभेवर झिजून त्याची तुरमली झाली नसेल कशावरून? आक्षेप दोन. तृणमणी म्हणजे अंबर, असं जाणकार म्हणतात. फारसीतही अंबराला ‘काहरुबा’, काडी पळवणारा, म्हणतात. यावर माझं म्हणणं असं, की गुण सारखा दिसला की व्यापारी एकाचं नाव दुसऱ्याला खुशाल चिकटवतो. दुसरा आक्षेप जड आहे: सिंहलीत ‘तोरमल्ली’ हा शब्द कार्नेलियन या खड्यालाही लावत, आणि तो काही ओढत नाही. याला माझ्याकडं उत्तर नाही. तृणमणी तरी सोडवत नाही.

जिन्यातला दिवा लावणाऱ्या आजच्या सेन्सरात तुरमलीऐवजी लिथियम टँटलेट किंवा सिरॅमिकची चकती असते. गुण तोच: तापमान बदलेल तेवढ्यापुरतीच वीज. दोन तुकडे उलटे जोडलेले असतात. सगळी भिंत तापली तर दोघांची वीज एकमेकींना खाते. माणसाची ऊब एकाच्या टप्प्यातून दुसऱ्याच्या टप्प्यात गेली की दिवा लागतो. गप्पा मारत स्तब्ध उभं राहिलं की अंधार होतो तो यामुळंच. वरचं दुधी भिंग फ्रेनेलचं, 1823 मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँ दीपगृहात बसवलेल्या भिंगाचं धाकटं भावंड.

सेन्सर नसेल आणि दहा वॉटचे दहा दिवे रात्रभर, 12 तास, जळले तर रोज 1.2 युनिट, वर्षाला 438. हे कॉमन मीटरवर पडतं, म्हणून कुणालाच टोचत नाही.

सोसायटीत बसवणार असाल तर दोन गोष्टी पाहा. रडारचा सेन्सर पातळ भिंतीपलीकडची हालचालही टिपतो आणि उगाच दिवा लावतो. जिन्याला हा उष्णतेवर चालणाराच बरा. आणि तो चढणाऱ्याच्या समोर नको, बाजूच्या भिंतीवर लावा. आडवा जाणारा माणूस त्याला लवकर कळतो.